चापेकची सॅलॅमँडर-कादंबरी: दुसऱ्या भागात वाचक का गळतात आणि शेवटावरून का भांडतात?

शाईदौत

चेक लेखक कारेल चापेक यांची 'वाल्का स म्लोकी', म्हणजे 'सॅलॅमँडरांशी युद्ध' (सॅलॅमँडर म्हणजे सरड्यासारखा दिसणारा उभयचर), या कादंबरीवर सविस्तर बोलायला हा धागा. पुढे कथानक पूर्ण उघड होणार आहे. ज्यांना आधी पुस्तक वाचायचं आहे त्यांनी इथेच थांबावं.

थोडक्यात ओळख. 'लिदोवे नोविनी' या चेक दैनिकात सप्टेंबर १९३५ ते जानेवारी १९३६ या काळात ती क्रमशः आली आणि १९३६ मध्ये पुस्तकरूपाने निघाली. चापेक त्या दैनिकात काम करत होते. 'रोबॉट' हा शब्द ज्या नाटकातून जगभर गेला ते 'आर. यू. आर.' त्यांचंच. शब्द मात्र भाऊ योसेफ यांनी सुचवलेला.

सुमात्राजवळच्या तानामासा नावाच्या बेटावर कॅप्टन फान तोख याला समुद्रात राहणारे, दोन पायांवर चालणारे सॅलॅमँडर सापडतात. तो त्यांना शार्क मारायला सुऱ्या देतो, ते त्याला मोती काढून देतात. पुढे बोंडी नावाचा उद्योगपती येतो, मोत्यांचा धंदा मागे पडतो आणि सॅलॅमँडर हेच विकायची वस्तू होतात: बंदरं, धरणं, भराव बांधणारे मजूर. त्यांना भाषा, अवजारं, स्फोटकं, सगळं माणूसच पुरवतो. मग त्यांना उथळ किनारा कमी पडू लागतो आणि ते खंड पोखरायला लागतात.

या पुस्तकावरच्या प्रतिक्रिया टोकाच्या असतात. कुणी म्हणतं, विसाव्या शतकातला सर्वांत नेमका उपरोध. कुणी म्हणतं, पहिली शंभरेक पानं मजेची, पुढे नुसती कात्रणं. माझं मत असं की मतभेद आवडीनिवडीचा कमी आणि दुसरा भाग कसा वाचला याचा जास्त आहे. तुम्हाला काय वाटतं?

निवडुंग

माझं मत दुसऱ्या गटातलं, आणि कारणं देतो.

रचना बघा. पहिल्या भागात १२ प्रकरणं आणि सॅलॅमँडरांच्या कामजीवनावर एक परिशिष्ट. दुसऱ्यात फक्त ३ प्रकरणं. तिसऱ्यात ११. दुसऱ्या भागातलं पहिलं आणि तिसरं प्रकरण छोटं: बोंडींच्या घरचा दारवान पोवोंद्रा पेपर वाचतोय. मधलं प्रकरण मात्र अवाढव्य. त्यात एकही पात्र नाही, संवाद नाही, प्रसंग नाही. इतिहासकाराच्या सुरात सगळा मजकूर, आणि त्याखाली तळटीपा, काही तर अनेक पानं चालणाऱ्या. फान तोख तोवर मेलेला आहे, म्हणजे ज्याच्यावर वाचकाचा जीव जडला तो माणूसही गेला. वाचकाने धरायचं कुणाला?

दुसरा आक्षेप विज्ञानाचा. सॅलॅमँडर उभयचर. त्यांची कातडी पाणी आरपार जाऊ देणारी असते, खाऱ्या पाण्यात शरीरातलं पाणी बाहेर ओढलं जातं. जपानचा राक्षसी सॅलॅमँडर दीड मीटरपर्यंत वाढतो, पण तो डोंगरातल्या थंड, गोड्या प्रवाहांत. लेखकाने हा प्रश्न सोडवलाच नाही.

खाडीकाठ

विज्ञानाच्या आक्षेपाचं आधी बघू, कारण तो अर्धाच बरोबर आहे.

खारं पाणी बहुतेक उभयचरांना मारतं, हे खरं. पण आग्नेय आशियात खेकडे खाणारा एक बेडूक खारफुटीच्या मचूळ पाण्यात राहतो. रक्तात युरिया साठवून तो क्षाराचा ताण सोसतो. म्हणजे निसर्गाने ही वाट अगदीच बंद ठेवलेली नाही. कादंबरीतलं बेट त्याच पट्ट्यात आहे.

त्याहून महत्त्वाचं हे की चापेकने जीवशास्त्रातला एकच नियम घट्ट धरला आणि अख्खं कथानक त्यावर उभं केलं. हे प्राणी फक्त उथळ, किनाऱ्यालगतच्या पाण्यात राहू शकतात. खोल समुद्र त्यांना ओलांडता येत नाही. म्हणूनच हजारो वर्षं ते एका खाडीत अडकून पडले, बाहेर शार्क. म्हणूनच माणसाने त्यांना जहाजांतून जगभर पोचवल्याशिवाय ते पसरू शकत नाहीत. आणि म्हणूनच संख्या वाढल्यावर त्यांना नवीन किनारा *तयार करावा* लागतो, म्हणजे जमीन बुडवावी लागते. शत्रुत्व, सूड, दुष्टपणा यांची गरजच पडत नाही. जागेचं गणित पुरतं. विज्ञानकथेकडून एवढी शिस्त मिळाली तर मला ती कातडीच्या तपशिलापेक्षा मोलाची वाटते.

चापेकच्या प्राण्यांच्या शास्त्रीय नावामागचा संदर्भही खरा आहे. १७२६ मध्ये स्वित्झर्लंडच्या योहान याकोब शॉयख्त्सर यांनी एक जीवाश्म प्रलयात बुडालेल्या पापी माणसाचा सांगाडा म्हणून जाहीर केला. पुढे फ्रेंच शास्त्रज्ञ क्युव्हिए यांनी तो राक्षसी सॅलॅमँडरचा असल्याचं दाखवलं. त्या जीवाश्माचं शास्त्रीय नाव 'आंद्रियास शॉयख्त्सरी', आणि चापेकचे प्राणी त्याच जातीचे. सॅलॅमँडरला माणूस समजण्याची चूक प्रत्यक्षात झालेली होती. कादंबरीने ती उलटी चालवली.

रानजाई

@निवडुंग, "धरायचं कुणाला" याचं उत्तर दुसऱ्या भागातच आहे: पोवोंद्राला.

तो दारवान आहे. पहिल्या भागात फान तोख बोंडींना भेटायला आला तेव्हा त्याला आत सोडायचं की नाही, हे त्याने ठरवलं. त्याने सोडलं. त्यानंतर सॅलॅमँडरांविषयी जे काही छापून येईल ते कापून ठेवायचा त्याला नाद लागतो. मधलं प्रकरण म्हणजे त्याचं खोकं. पसारा फार झाला की त्याची बायको गुपचूप त्यातली काही कात्रणं जाळते. म्हणजे आपण जो 'इतिहास' वाचतो तो एका दारवानाने जमवलेला आणि चुलीतून वाचलेला इतिहास आहे. मधल्या फटी लेखकाच्या आळशीपणाच्या नाहीत. हे लक्षात ठेवून वाचलं की त्या प्रकरणाला माणूस मिळतो.

तळटीपा वरवर चाळणाऱ्यांच्या हातून काय निसटतं त्याची तीन उदाहरणं:

पहिलं, सॅलॅमँडर-व्यापाराचा अहवाल. बाजारात माल सहा प्रतींत विकला जातो: पुढारपण करणारे, जड कामाचे, टोळीने विकले जाणारे, किरकोळ कामाचे, टाकाऊ, आणि बेडूकमाशांसारखी पिल्लं. स्वर पूर्णपणे बाजारभावाच्या पत्रकाचा. एकही विशेषण दयेचं नाही.

दुसरं, मांस खाण्याजोगं होतं का याचा प्रयोग. त्यात प्रयोगशाळेत मदत करणारा हान्स नावाचा शिकलेला, हुशार सॅलॅमँडर शिजवला जातो, आणि अहवाल चवीबद्दल बोलतो. इथे काही वाचक हसतात, काहींना पुढे वाचवत नाही. माझ्या मते पुस्तकाची खरी कसोटी याच टिपेवर लागते.

तिसरं, सॅलॅमँडरांना आत्मा असतो का यावर नामवंतांची मतं. प्रश्न एवढा मोठा आणि उत्तरं मुलाखतीला साजेशी, चटपटीत.

हे तिन्ही मुख्य मजकुरात आले असते तर लेखकाला त्यावर भाष्य करावं लागलं असतं. तळटीपेत टाकल्यामुळे भाष्याची जबाबदारी वाचकावर येते.

पाटपाणी

रानजाई यांच्याशी सहमत. वाचनगटात हे पुस्तक घेणार असाल तर कुठे घसरतं ते लिहितो.

१. आवृत्ती. इंग्रजीतून वाचणाऱ्यांसाठी दोन अनुवाद महत्त्वाचे: वेदरॉल दांपत्याचा १९३७ चा आणि एवाल्ड ओझर्स यांचा १९८५ चा. ओझर्सचा घ्या. कात्रणांचे वेगवेगळे सूर (सनसनाटी पेपर, शास्त्रीय नियतकालिक, परिषदेचा वृत्तांत, राजकीय जाहीरनामा) त्यात वेगळे ऐकू येतात. हे सूर एक झाले की दुसरा भाग सपाट होतो, आणि निवडुंग म्हणतात तो कंटाळा तिथून सुरू होतो.

२. शक्यतो कागदी प्रत. फोनवर तळटीप छोट्या चौकटीत उघडते. चार ओळींच्या टिपेला ते चालतं, चार पानांच्या टिपेला नाही. ज्या फाइलींमध्ये सगळ्या टिपा पुस्तकाच्या शेवटी ढकललेल्या असतात त्या तर नकोच. कात्रण ज्या वाक्याला लटकलंय त्या वाक्याजवळच वाचलं पाहिजे, कारण उपरोध त्या दोघांमधल्या अंतरात आहे. मूळ आवृत्तीत कात्रणांची अक्षरजुळणीही वेगवेगळी आहे. एक मजकूर तर कुणालाच न कळणाऱ्या भाषेत आहे.

३. वाटणी. २६ प्रकरणं पाच बैठकींत बसतात. पहिली: भाग १, प्रकरण १ ते ७. दुसरी: ८ ते १२ आणि परिशिष्ट. तिसरी: सगळा दुसरा भाग, त्याला दुप्पट वेळ. चौथी: भाग ३, प्रकरण १ ते १०. पाचवी: फक्त शेवटचं, अकरावं प्रकरण.

४. तिसऱ्या बैठकीसाठी प्रत्येकाला एक-एक कात्रण वाटून द्या आणि मोठ्याने वाचायला सांगा. मुख्य मजकूर एकाने वाचायचा, खूण आली की थांबायचं. गळती इथे होते, आणि बहुतेक वेळा एवढ्यानेच थांबते.

गटात नेहमी होणारी आणखी एक चूक म्हणजे पहिल्या दिवशीच "हे नाझींवर आहे" असं सांगून टाकणं. मग प्रत्येक जण सॅलॅमँडर म्हणजे कोण एवढंच शोधत बसतो.

मृगनक्षत्र

पण ते नाझींवर आहेच ना? 'उत्तरेकडचा सॅलॅमँडर' हे प्रकरण घ्या. एक जर्मन संशोधक ठरवतो की बाल्टिक समुद्रातला सॅलॅमँडर रंगाने उजळ, जास्त ताठ चालणारा, म्हणून श्रेष्ठ वंशाचा. आणि मग जर्मनीला त्याच्यासाठी जास्त लांब किनारा हवा. १९३५-३६ मध्ये हे लिहिताना नेम कुणावर होता हे सांगायची गरज नाही. सॅलॅमँडरांचा प्रमुख 'सरसॅलॅमँडर' रेडिओवरून जागा मागतो, तीही त्याच सुरात.

तारखा बघा. कादंबरी पेपरात चालू असतानाच, ऑक्टोबर १९३५ मध्ये, इटलीने इथिओपियावर स्वारी केली. शेवटाकडे सॅलॅमँडरांशी वाटाघाटी करायला भरलेली वाडुझची परिषद आहे. लिख्टेनश्टाइनमध्ये, कारण तिथे समुद्र नाही. तिथे सॅलॅमँडरांच्या बाजूने माणसांमधलेच वकील बोलतात, आणि सुटकेचा तोडगा म्हणून चीनचा सखल प्रदेश बुडवायला द्यावा असा प्रस्ताव येतो. चिनी प्रतिनिधी बोलतो, ते कुणाला कळत नाही. सप्टेंबर १९३८ मध्ये म्युनिकला चेकोस्लोव्हाकियाचा सीमाभाग असाच परस्पर जर्मनीला देऊन टाकला गेला, त्याच्या प्रतिनिधींना चर्चेच्या टेबलाशी न बसवता. त्याच वर्षी २५ डिसेंबरला चापेक वारले. योसेफ १९४५ मध्ये बेर्गेन-बेल्झेनच्या छळछावणीत गेले. या पुस्तकाला दुसरा अर्थ देणं मला हलकेपणाचं वाटतं.

खाडीकाठ

दुसरा अर्थ *देण्याचा* प्रश्न नाही, तो आहेच. सॅलॅमँडर म्हणजे नाझी हे समीकरण पहिल्या दोन भागांत मोडतं. तिथे ते विकले जाणारे, मरेस्तोवर राबणारे, खाल्ले जाणारे आहेत. नाझी कुणी टोळीने विकत घेतले नव्हते. लेखकाने पुस्तकभर एकच खूण एकाच अर्थाने वापरलेली नाही. पहिल्या भागात वसाहतीतला मजूर, दुसऱ्यात बाजारातला माल, तिसऱ्यात एकसारखा विचार करणारी, हत्यारबंद झुंड. प्रश्न "सॅलॅमँडर कोण" हा नसून "त्यांना असं कुणी बनवलं" हा आहे, आणि तो तिन्ही भागांत एकच राहतो.

लंडनच्या प्राणिसंग्रहालयातला अँडी आठवा. तो पेपर वाचून वाचायला शिकतो. तपासायला आलेल्या समितीला तो बातम्यांची आणि जाहिरातींची वाक्यं परत ऐकवतो. शास्त्रज्ञांचा निष्कर्ष असा की याच्या बुद्धीचं कौतुक करू नये, कारण ती आजच्या सरासरी माणसाच्या पुढे कुठेच जात नाही. हे जर्मनीपुरतं नाही.

मृगनक्षत्र

अँडीचं मान्य. पण तिसरा भाग सर्वसाधारण 'माणसाच्या लोभा'वर नेऊन ठेवला की ज्यांनी ते प्रत्यक्ष भोगलं त्यांचं बोट दाखवणं पुसलं जातं, ही माझी काळजी. चापेकने 'उत्तरेकडचा सॅलॅमँडर' या प्रकरणाचं नाव चेक मजकुरात मुद्दाम जर्मनमध्ये ठेवलंय.

निवडुंग

शेवटावर कुणीच बोललं नाही. तिथे माझा सर्वांत मोठा आक्षेप आहे. लुइझियानाचा किनारा बुडतो, जग खचतंय, पोवोंद्राला प्रागमध्ये व्ल्तावा नदीत सॅलॅमँडरचं डोकं दिसतं आणि "मी त्या कप्तानाला आत सोडायला नको होतं" म्हणून तो मनात मोडतो. हा अप्रतिम शेवट होता. त्यानंतर 'लेखक स्वतःशी बोलतो' हे प्रकरण कशाला? सरसॅलॅमँडर हा मुळात माणूसच, पहिल्या महायुद्धातला सार्जंट-मेजर आंद्रेआस शुल्त्से, हेही तिथेच कळतं. मग पश्चिमेचे अटलांटिस-सॅलॅमँडर आणि पूर्वेचे लेमुरिया-सॅलॅमँडर आपसांत लढून संपतात. एवढा मोठा मुद्दा दोन आवाजांच्या गप्पांत उरकलाय.

रानजाई

हा आक्षेप वजनदार आहे, पण त्या प्रकरणाचा क्रम बघा. आतला आवाज लेखकाला आधी विचारतो: असंच सोडणार? माणसांना वाचवणार नाहीस? लेखक म्हणतो, मी काय करू. सॅलॅमँडरांना स्फोटकं कुणी विकली, पैसा कुणी पुरवला? सगळ्या कारखान्यांनी, सगळ्या बँकांनी, सगळ्या देशांनी. त्याआधीच 'एक्स' नावाने एक निनावी पत्रक येऊन गेलेलं असतं: त्यांना पुरवठा करणं थांबवा. ते कुणीही ऐकत नाही, कारण ऐकलं तर धंदे बुडतात. म्हणजे सुटकेची खरी वाट पुस्तकात सांगून झाली आहे आणि माणसांनी ती नाकारली आहे. त्यानंतर जी सुटका येते ती वाचकाच्या हट्टामुळे येते, आणि लेखक तसं उघड दाखवतो. शेवटी पुढे काय होणार, या प्रश्नावर तो माहीत नाही म्हणतो. मला हे प्रामाणिक वाटतं. पोवोंद्रावर संपवलं असतं तर दोष एका दारवानाच्या खांद्यावर राहिला असता.

शुल्त्सेचं मात्र मान्य. ते वाक्य नसतं तरी चाललं असतं.

त्रिकोणी ढग

एक वेगळा मुद्दा. फान तोखची भाषा. सिंहली पाणबुडे, बटाक लोक, मिश्रवंशीय, ज्यू, सगळ्यांबद्दल तो जे बोलतो ते आज वाचताना टोचतं. होडीवरच्या तरुण मंडळींच्या प्रकरणातली सिनेमात जाऊ पाहणारी ली तर निव्वळ बाहुली आहे. "पात्राचं मत, लेखकाचं नव्हे" हे उत्तर मला अर्धं पटतं.

खाडीकाठ

अर्धंच पटायला हवं. कप्तानाच्या बाबतीत बचाव टिकतो: माणसांना शिव्या घालणारा हाच माणूस सॅलॅमँडरांना मायेने 'तापा-बॉइज' म्हणतो, आणि त्याच्या मायेतूनच त्यांच्या हाती सुरी येते. ते व्यक्तिचित्र विचार करून केलेलं आहे. लीच्या बाबतीत बचाव टिकत नाही. तिथे सिनेसृष्टीची चेष्टा करता करता लेखक स्वतः त्या सिनेमासारखाच तिच्याकडे बघतो. पहिल्या भागातली प्रकरणं ६ आणि ७ सर्वांत कच्ची आहेत.

शाईदौत

चर्चा चांगली चाललीय. आता हे मराठीत आणायचं तर काय, हेही बोलू. हक्कांचं सोपं: चापेक १९३८ मध्ये गेले, भारतात तेव्हा लेखकाच्या मृत्यूनंतर ५० वर्षं हक्क असत (६० वर्षांची मुदत नंतर आली), म्हणजे मूळ चेक मजकूर १९८८ अखेर मोकळा झाला. पण ओझर्सवरून अनुवाद केला तर त्या अनुवादाची परवानगी लागेल.

अडचण पहिल्याच शब्दाला आहे. महाराष्ट्रात सॅलॅमँडर नाहीतच. भारतात हा गट दार्जिलिंग-सिक्कीम आणि ईशान्येकडे सापडतो. आपल्याकडचा जवळचा प्राणी म्हणजे देवगांडूळ, पण त्याला पाय नसतात. 'सरडा' चुकीचा, तो सरपटणारा. मी 'सॅलॅमँडर'च ठेवीन.

पाटपाणी

प्राण्याचं नाव तसंच ठेवा, पण मालाच्या सहा प्रतींना मराठी शब्द हवेतच. तिथे परका शब्द ठेवला की पत्रकाचा थंडपणा जातो. माझी यादी: मुकादम, जडकामे, टोळी, वरकाम, गाळ, पिल्लावळ. 'टोळी' आणि 'मुकादम' म्हटल्याबरोबर ऊसतोड डोळ्यांपुढे येईल, आणि यायलाच हवी.

रानजाई

'टोळी', 'गाळ', 'पिल्लावळ' उत्तम. 'मुकादम' नको. ऊसतोडीचा मुकादम कारखाना आणि मजूर यांच्यामधला माणूस असतो: तो हंगामाआधी उचल देतो, कोयते जमवतो, कमिशन घेतो. त्याला त्या व्यवस्थेत वाटा आहे. कादंबरीतल्या पहिल्या प्रतीच्या सॅलॅमँडरला काहीच वाटा नाही. तो इतरांवर देखरेख करतो, पण स्वतःही त्यांच्यासारखाच विकला जातो. 'म्होरक्या' म्हणा. शिवाय 'उचल' हा शब्द इथे येताच कामा नये. ऊसतोड मजूर कर्जाने बांधलेला असतो, सॅलॅमँडरला कर्ज घेण्याइतकाही माणूस मानलेलं नाही. हा फरक पुसला तर दोन्हीकडचं दुःख खोटं होईल.

पाटपाणी

पटलं. 'म्होरक्या'.

मृगनक्षत्र

अनुवादात कप्तानाला मालवणी बोलायला लावू नका, हा मोह अनेकांना होईल. तो मूळचा मोरेव्हियातल्या येविचकोचा यान वांतोख, समुद्रापासून लांबच्या गावचा. बोलणं घाटावरचं, त्यात तांडेल, नाखवा, सुकाणू असे बंदरी शब्द आणि मलय-डच-इंग्रजी तुकडे. बोंडीही त्याच गावचा. दोघांची ओळख त्यावरच जमते.

आणि गालापागोसवरचा प्रसंग जपून करा. तिथे एका चेक जोडप्याला पुस्तिकेवरून चेक शिकलेला सॅलॅमँडर भेटतो आणि श्वेत पर्वताच्या लढाईची, तीनशे वर्षांच्या दास्याची आस्थेने चौकशी करतो. १६२० ची ती लढाई चेक मनात पानिपतासारखी रुतलेली. लहान भाषेच्या माणसाला परक्याच्या तोंडून आपली भाषा ऐकून जे भरून येतं ते मराठी वाचकाला टीप न देता कळेल. लढाईचं नाव मात्र बदलू नका. पानिपत घातलं तर प्रागचा दारवान पुण्याचा होईल आणि पुढची व्ल्तावा कुठे वाहते ते कळणार नाही.

निवडुंग

मराठी प्रत निघाली तर तळटीपा पानाच्या तळाशी, लहान टंकात, पण कात्रणाची चौकट काढून छापा. लांब टीप दोन-तीन पानं चालली तरी मुख्य मजकुराच्या निदान चार ओळी प्रत्येक पानावर वर राहू द्या, म्हणजे वाचक धागा सोडणार नाही. असं छापलेलं असेल तर दुसरा भाग मी पुन्हा वाचीन, या वेळी पोवोंद्राचं खोकं समजून.

शेवटच्या प्रकरणाबद्दल मत तेच आहे.

पाटपाणी

@निवडुंग, ते प्रकरण चौथ्या बैठकीच्या दिवशी वाचू नका. आठवडाभर जाऊ द्या, पोवोंद्रापाशी थांबा. मग दोघांनी दोन आवाज घेऊन मोठ्याने वाचा. आतल्या आवाजाचे प्रश्न घाईने, लेखकाची उत्तरं थांबत थांबत. शुल्त्सेचं वाक्य गाळू नका, पण त्यावर थांबूही नका.